नोकरी गेल्यावर आधी शिकायचं की आधी शोधायचं?

जमाखर्च
लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहितेच. मी १३ वर्षं अकाउंट्समध्ये होते, म्हणजे व्हेंडरची बिलं तपासायची, पेमेंट सोडायचं, बँकेशी ताळा जुळवायचा, महिनाअखेरीचं क्लोजिंग. चार महिन्यांपूर्वी आमची ११ जणांची अख्खी टीम कमी केली. बिलं वाचणारं सॉफ्टवेअर आलंय आणि धंदाही मंदावलाय, अशी दोन्ही कारणं एकाच मीटिंगमध्ये सांगितली, मीटिंग वीस मिनिटांत संपली.

त्यानंतर जो भेटला त्याने एकच सल्ला दिला, डेटा सायन्स शिक. मी घाबरलेली होते, बचतीतले पैसे काढून कोर्स घेतला. आता पाचव्या आठवड्यात अडकलेय. व्हिडिओ बघताना सगळं कळतं, असाइनमेंट उघडली की हात चालत नाही. अर्जांची एक्सेलमध्ये नोंद ठेवलीय, ६३ अर्ज, ४ फोन, १ इंटरव्ह्यू. त्या इंटरव्ह्यूत विचारलं की या चार महिन्यांत काय केलंत, मी कोर्सचं नाव घेतलं, लगेच पुढचा प्रश्न त्यातलाच आला आणि मला उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर दोन दिवस लॅपटॉप उघडला नाही.

आता प्रश्न असा की कोर्स नेटाने पूर्ण करू आणि अर्ज थांबवू, की कोर्स सोडून फक्त अर्ज करत राहू? दोन्ही धड होत नाहीयेत. मी ३९ वर्षांची आहे, उगाच धीर देऊ नका, खरं काय ते सांगा.

निंबोणी
ताई, मीही याच बोटीत आहे, सहावा महिना. उत्तर नाही माझ्याकडे. वाचतेय.

दीपस्तंभ७
मी १७ वर्षं भरतीचं काम करतो त्यामुळे टेबलाच्या पलीकडून कसं दिसतं ते सांगतो.

पहिलं म्हणजे, रिझ्युमेत सगळ्यात वर तो कोर्स लिहिला असशील तर आजच खाली घे. पाच आठवड्यांचा कोर्स वर आणि १३ वर्षं खाली, असा कागद समोर आला की वाचणाऱ्याला तू नवशिकी दिसतेस, आणि नवशिके म्हणून पंचविशीतली मुलं रांगेत उभी आहेत. तू त्यांच्या रांगेत जाऊन का उभी राहतेस?

दुसरं, ६३ ठिकाणी एकच रिझ्युमे पाठवलास का? बहुतेक हो. एका जागेला शेकड्याने अर्ज येतात तेव्हा पहिल्या चाळणीत आम्ही एका कागदावर फार वेळ देऊ शकत नाही, हे सांगताना मला बरं वाटत नाही पण तसंच आहे. जाहिरातीत जे शब्द आहेत ते कागदावर दिसले पाहिजेत, अर्थात खरे असतील तरच. आणि जाहिरात पडल्यापासून पहिल्या दोन-तीन दिवसांत अर्ज गेला पाहिजे, पंधरा दिवसांनी गेलेला कित्येकदा उघडलाही जात नाही.

आता कोर्सचं. उलट्या बाजूने सुरुवात कर. ज्या कामातला निम्म्याहून जास्त भाग तुला आजच येतो अशा २० जाहिराती शोध आणि कागदावर उतरव. अकाउंट्सच्या शेजारची कामं बघ, पेमेंट कंट्रोल, इंटर्नल ऑडिट, तेच सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या कंपन्यांतलं टेस्टिंग आणि सपोर्ट. त्या वीसमध्ये जे शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि तुला येत नाहीत, त्यांच्याखाली रेघ मार. तोच तुझा अभ्यासक्रम. बहुधा दोन किंवा तीनच गोष्टी निघतील.

आणि एक मागतो. त्या १३ वर्षांत तुझ्यामुळे कंपनीचे पैसे वाचले असा एक प्रसंग इथेच लिही. पद नको, जबाबदाऱ्यांची यादी नको, प्रसंग.

जमाखर्च
दीपस्तंभदादा, हो, एकच रिझ्युमे पाठवला.

प्रसंग फार मोठा नाहीये. एका व्हेंडरचं बिल दोनदा आलं होतं. एकदा कागदावर, एकदा मेलवर. बिल नंबरमध्ये शून्य होतं, पण मेलवरच्या बिलात कुणीतरी शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाईप केला होता. सिस्टीम दोन बिलं समान नंबर असतील तरच अडवायची, हे तिला वेगळं वाटलं, दोन सह्या झाल्या आणि पेमेंटच्या यादीत आलं. मी यादी रक्कम आणि तारखेने लावून बघायचे, माझी सवयच होती ती, तेव्हा एकाखाली एक दोन सारख्या रकमा दिसल्या. नंबर अगदी डोळ्याजवळ नेऊन पाहिला तर शून्य जरा गोल होतं. पेमेंट थांबवलं. मग मागच्या दोन वर्षांचं तपासलं तर अशी आणखी सात निघाली, त्यातली पाच आधीच भरली गेली होती, ती वसूल केली. तेव्हा सर 'छान' म्हणाले होते, विषय संपला.

दीपस्तंभ७
अगं हे तू रिझ्युमेत लिहिलेलं नाहीस?? आठ दुहेरी बिलं पकडली, पाचांचे पैसे परत आणले, आणि सिस्टीममध्ये भोक कुठे आहे ते दाखवलं. ज्या सॉफ्टवेअरमुळे तुझी नोकरी गेली ना, ते बनवणाऱ्यांना नेमकी हीच नजर लागते, कारण बिल कुठे आणि कसं चुकतं हे त्यांच्या प्रोग्रामरना माहीतच नसतं. रक्कम आणि तारखेने लावून सारखं शोधायचं, हेच एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेत, तीन-चार ओळींत होतं. तुला रीत आधीच येते, आता फक्त ती भाषा शिकायचीय. तो अर्धवट कोर्स बाजूला ठेव, एसक्यूएल धर.

आडवाट
सल्ला चांगला आहे, पण एक बाजू राहतेय म्हणून लिहितो, जरा कडू वाटेल.

नोकरी गेली की माणसाला सांगतात तुझं कौशल्य जुनं झालं, शिक. काही वेळा खरं असतं. पण मंदीत कित्येकदा मागणीच नसते, माणूस कितीही शिकला तरी. अमेरिकेत मागच्या मोठ्या मंदीत, २००९ च्या मध्याला, एका रिकाम्या जागेमागे सहाहून जास्त बेकार माणसं होती. सहांनी कोर्स केला तरी जागा एकच. आणि मंदी कागदावर जून २००९ ला संपली, तरी बेकारीचा दर ऑक्टोबरमध्ये १० टक्क्यांवर गेला, म्हणजे बातम्यांत सगळं सावरलं म्हणतात तेव्हाही नोकऱ्या यायला वेळ लागतो. ताईंची ११ जणांची टीम गेली, त्या ११ जणांत एकाएकी दोष निर्माण झाला होता का? नाही ना. हे स्वतःला रोज सांगावं लागतं, नाहीतर माणूस आतून खचतो. मी खचलो होतो म्हणून कळकळीने सांगतोय.

शुभ्रा_लिहिते
आडवाट यांना +१. मी तर यंदाच पदवी घेऊन बाहेर पडलेय, मला कामावरून काढायला आधी काम तर मिळायला हवं. घरचे म्हणतात मास्टर्स कर, मंदी जाईल तोवर.

कासवगती
मी प्रौढांच्या प्रशिक्षणाच्या क्षेत्रात आहे, या प्रश्नावर बरंच वाचलंय, त्यातलं कामाचं सांगते. थोडं लांब होईल, समजून घ्या.

आडवाट म्हणतात ते बरोबर आहे, पण त्यातूनच शिकण्याच्या बाजूने एक मुद्दा निघतो. डेव्हिड कार्ड (२०२१ चे अर्थशास्त्राचे नोबेल विजेते) आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या, बेकारांना प्रशिक्षण वगैरे देणाऱ्या रोजगार योजनांवरचे २०० हून जास्त अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यात दिसलं की प्रशिक्षणाचा फायदा पहिल्या वर्षात जवळजवळ दिसतच नाही, दोन-तीन वर्षांनी दिसतो. आणि मंदीच्या काळात दिलेल्या प्रशिक्षणाचा परिणाम जास्त मोठा. मला याचा अर्थ असा लागतो की मंदीत शिकायला बसल्याने हातची संधी फारशी जात नाही, कारण तेव्हा संधीच कमी असतात.

पण याच अभ्यासांत एक धोका पुन्हा पुन्हा दिसतो. माणूस कोर्सला बसला की शोधणं थांबवतो, आणि कोर्स चालू असेपर्यंत त्याला नोकरी लागायची शक्यता न बसलेल्यापेक्षा कमी होते. म्हणून जमाखर्चताई, तुमच्या 'हे की ते' प्रश्नाला माझं उत्तर: शोध थांबवायचा नाही, आणि शिकायचं ते छोटं घ्यायचं, सहा-आठ आठवड्यांत हातात काहीतरी दाखवण्याजोगं येईल एवढंच. वर्षभराचा कोर्स घ्यायचा तर आधी घरखर्च किती महिने निघतो ते मोजून मगच.

ऑनलाइन कोर्स अर्धवट राहिला म्हणून वाईट वाटून घेऊ नका. दोन मोठ्या विद्यापीठांच्या खुल्या ऑनलाइन कोर्सेसचा हिशोब २०१९ मध्ये मांडला गेला होता, नाव घातलेल्या शंभरांतले जेमतेम तीन पूर्ण करत होते. एकट्याने व्हिडिओ बघत शिकणं कुणालाही जडच जातं.

आणि शुभ्रा, कॅनडातल्या पदवीधरांवर मोठा अभ्यास झालाय. मंदीत बाहेर पडलेल्यांचा पगार सुरुवातीला कमी राहतो आणि बरोबरी यायला आठ-दहा वर्षंही लागतात. पण जे पहिल्या छोट्या जागेवर चिकटून न राहता चांगल्या कंपन्यांकडे सरकत गेले, ते लवकर सावरले. म्हणून पहिली नोकरी मनासारखी नसली तरी घे, फक्त तिथून पुढे बघणं सोडू नकोस. मास्टर्स करायचंच तर विषय आवडतो म्हणून कर, लपायला म्हणून नको.

सुतारपक्षी
कासवगतीताई, फार उपयोगी लिहिलंत. माझा अनुभव जोडतो.

मी ड्राफ्ट्समन. बोर्डवर शिकलो, मग कॅडवर, म्हणजे संगणकावरच्या ड्रॉइंगवर आलो. २००९ मध्ये बांधकामं थांबली, ऑफिसात आम्ही नऊ जण होतो, उरले दोघं, त्यात मी नव्हतो. वय ३७. त्या वेळी एका ओळखीच्याने सांगितलं की आता इमारतीचं सगळं मॉडेल त्रिमितीत करतात, बीआयएम म्हणतात त्याला, ते शीक. मी शिकलो, पण महत्त्वाचं म्हणजे कसं शिकलो. स्वतः पूर्वी काढलेली एक खरी इमारत घेतली, तीन मजली, आणि तीच पहिल्यापासून नव्या सॉफ्टवेअरमध्ये उभी केली. जिना बसेना. कागदावर मी जिना काढला होता आणि तो बांधलाही गेला होता, पण मॉडेलमध्ये वरच्या तुळईला डोकं आपटत होतं. तेव्हा आठवलं की साइटवर त्या जिन्यावरून भांडण झालं होतं आणि तुळई बदलावी लागली होती. पुढे इंटरव्ह्यूत मी तेच मॉडेल उघडून दाखवलं, हा जिना, ही तुळई, कागदावर ही चूक दिसली नाही, इथे दिसते. काम मिळालं, पगार आधीपेक्षा कमी होता, तरी घेतलं. पुन्हा पहिल्या पगाराला यायला तीन वर्षं लागली.

म्हणून ताई, तुमचं ते शून्य आणि ओ जपून ठेवा.

निंबोणी
एक विचारायचंय. मला काल फोन आला, जागा पक्की आहे, फक्त ट्रेनिंगचं डिपॉझिट भरा, जॉइन झाल्यावर परत मिळेल. सहा महिने झालेत, मन म्हणतं भरून टाकावं.

दीपस्तंभ७
निंबोणी, अजिबात भरू नकोस. नोकरी देणारा नोकरी मागणाऱ्याकडून पैसे घेत नसतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९७ चा १८१ क्रमांकाचा करार आहे, त्यात मूळ तत्त्वच हे की नोकरी लावून देणाऱ्या एजन्सीने कामगाराकडून फी घ्यायची नाही. अपवाद ठेवलेत, पण तुला आलेला फोन त्यात बसणारा नाही. कंपनीचं नाव घे, त्यांच्या मूळ वेबसाइटवरचा नंबर शोधून स्वतः फोन कर आणि विचार.

निंबोणी
केला फोन. अशी काही जागाच नाहीये म्हणाले. भरले असते हो मी पैसे, फॉर्म उघडून बसले होते. दादा, खूप खूप आभार.

आडवाट
निंबोणीताई, वाचलात. यात तुमची चूक शून्य, हे लोक थकलेल्या माणसालाच गाठतात.

रोजच्या दिवसाबद्दल लिहायचं राहिलं होतं. १९३० च्या सुमारास ऑस्ट्रियात मारिएनथाल नावाच्या गावातली कापडगिरणी बंद पडली, जवळजवळ सगळं गाव बेकार. मारी याहोडा आणि तिचे सहकारी तिथे अभ्यासाला गेले. सगळ्यांना वाटेल की वेळ मिळाला म्हणजे माणसं वाचतील, सभा-मंडळांत जातील. झालं उलटं. वाचनालयाची फी माफ केली तरी पुस्तकं नेणं घटलं. संशोधकांनी घड्याळ लावून लोकांचं चालणं मोजलं, पुरुष हळू चालायला लागले होते, रस्त्यात मध्येच थांबायचे. मी हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, कारण मी तेव्हा अगदी तसाच होतो. सकाळी दहाला अर्ज करायला बसायचो आणि दुपारी दोनला काल वाचलेल्याच जाहिराती वाचत असायचो. मग मी नियम केला, शोधकाम सकाळी तीन तास, त्यानंतर पोर्टल बंद, दुपारी दीड तास शिकणं, संध्याकाळी एका माणसाशी बोलणं, प्रत्यक्ष किंवा फोनवर. नोकरी काही लगेच लागली नाही, पण झोप यायला लागली.

जमाखर्च
तुम्हा सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. आडवाटदादा, त्या जुन्याच जाहिराती वाचण्याचं वाचून मी रडले, मला वाटायचं मीच आळशी आहे.

२० जाहिराती उतरवल्या. रेघ मारायची वेळ आली तेव्हा तीनच शब्द निघाले, एसक्यूएल, टेस्ट केस लिहिणं (सॉफ्टवेअर कसं कसं तपासायचं ते उतरवणं), आणि एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरचं नाव, जे मी नऊ वर्षं वापरलंय पण रिझ्युमेत लिहिलंच नव्हतं. चार महिने मी भलतंच शिकत होते.

एक अडचण मात्र आहे. सगळे म्हणतात ओळखीतून होतं. माझ्या ओळखी म्हणजे तीच ११ जणांची टीम, तेही शोधतच आहेत.

कासवगती
तुमच्या जवळच्यांना जे माहीत असतं ते तुम्हालाही माहीतच असतं, इथेच अडतं. मार्क ग्रॅनोव्हेटरने १९७३ मध्ये दाखवलं होतं, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी ८३ टक्क्यांना ती अशा माणसाकडून कळली ज्याला ते कधीमधी किंवा क्वचितच भेटायचे. पुढे २०२२ मध्ये लिंक्डइनवरच्या दोन कोटी लोकांवरच्या प्रयोगातही हेच आलं, थोड्या लांबच्या ओळखी जास्त कामाला येतात. तुम्ही १३ वर्षं व्हेंडरांशी बोललात ना? त्यांच्या अकाउंट्सवाल्यांना फोन करा. ऑडिटला येणाऱ्या त्या मुला-मुलींना करा. नोकरी मागू नका, 'तुमच्याकडे हे काम कोण बघतं, त्यांच्याशी दहा मिनिटं बोलता येईल का' एवढंच विचारा.

आणि सगळ्यांनाच एक सुचवते. १९७० च्या दशकात नेथन अॅझरिन या मानसशास्त्रज्ञाने नोकरी शोधणाऱ्यांचा क्लब काढला होता. लोक रोज एकत्र बसायचे, एकमेकांचे अर्ज वाचायचे, फोनवर काय बोलायचं त्याचा सराव करायचे, जागा कळली तर एकमेकांना सांगायचे. दोन महिन्यांत क्लबमधल्या ९० टक्के लोकांना काम मिळालं, एकट्याने शोधणाऱ्या तशाच लोकांत ५५ टक्क्यांना. आपण इथे सहा-सात जण आहोतच. मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी तासभर कॉल करूया का? सगळ्यांना व्यनि (खासगी निरोप) करते.

शुभ्रा_लिहिते
मी आहे.

निंबोणी
मीपण. मला इंटरव्ह्यूचा सराव हवाय, गॅपबद्दल विचारलं की माझा आवाजच जातो.

दीपस्तंभ७
मी शुक्रवारी येतो, खोटा इंटरव्ह्यू घेईन, अगदी खऱ्यासारखा. गॅपबद्दल दोन वाक्यं पुरतात. टीम कमी झाली, त्यानंतर मी हे शिकले, हे बघा. स्पष्टीकरण लांबवलं की समोरचा शंका घेतो. आणि २०१३ चा एक अभ्यास आहे, संशोधकांनी सुमारे १२,००० खोटे रिझ्युमे वेगवेगळ्या कंपन्यांना पाठवून पाहिले. जितके जास्त महिने बेकार तितके फोन कमी हे खरं निघालं, पण जिथे बाजारच वाईट होता तिथे गॅपचा तोटा कमी दिसला. सगळेच घरी बसलेत हे नोकरी देणाऱ्यालाही कळतं.

जमाखर्च (सात आठवड्यांनंतर)
धागा वर काढतेय, खबर द्यायचीय.

एसक्यूएलचं सुतारपक्षीकाकांच्या पद्धतीने केलं. खऱ्या कंपनीचा डेटा वापरता येत नाही म्हणून मीच ४०० खोटी बिलं बनवली आणि त्यात चुका पेरल्या, कुठे शून्याचा ओ, कुठे नंबरच्या शेवटी रिकामी जागा, कुठे एकच व्हेंडर दोन नावांनी. मग त्या शोधणाऱ्या क्वेऱ्या, म्हणजे एसक्यूएलमधले प्रश्न, लिहिल्या. पहिल्यांदा १७ पैकी ९ सापडल्या. रिकाम्या जागेने तीन दिवस खाल्ले, स्क्रीनवर दिसतच नाही ना ती. आता १७ च्या १७ सापडतात.

जुन्या ऑडिटमधल्या एका मुलीला फोन केला, पाच वर्षांनी. ती म्हणाली, 'मॅडम, मीच तुम्हाला शोधत होते, तुम्ही शिकवलेलं मी अजून करते.' तिच्या ओळखीतून बिलांचं सॉफ्टवेअर बसवणाऱ्या एका छोट्या कंपनीत बोलणं झालं. इंटरव्ह्यूत मी ती ४०० बिलं उघडली. त्यांनी तीच फाईल त्यांच्या सिस्टीममध्ये टाकून बघितली, १७ पैकी ६ चुका सुटल्या. खोलीत दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग त्यांच्यातला एकजण खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, ही रिकामी जागा कशी शोधलीत ते दाखवा.

सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट मिळालंय, टेस्टिंगचं. पगार आधीच्यापेक्षा कमी आहे आणि पुढे काय होईल ते त्यांनाही माहीत नाही. सोमवारपासून जाणार.

सुतारपक्षी
फार आनंद झाला पोरी. कॉन्ट्रॅक्ट आहे तोवर ते रोजचे दीड तास मोडू नकोस.

निंबोणी
ताई, अभिनंदन, मनापासून. माझं अजून नाही झालं, दोन ठिकाणी दुसऱ्या फेरीपर्यंत गेले. पण गॅपचं वाक्य आता न अडखळता बोलते. तू मंगळवारच्या कॉलला येणार ना अजून?

जमाखर्च
येणार ना. ऑफिसातून निघायला उशीर झाला तर वाटेतून लागेन. तुझ्या दुसऱ्या फेरीत काय काय विचारलं ते आजच लिहून ठेव, विसरायच्या आत, मंगळवारी त्यावरच बसूया.